हात कुणाला?

पनामाच्या डोंगरातल्या बेडूकघरात एनेइदा रोज सकाळी काचेच्या पेट्या पुसायची. रानातले सोनेरी बेडूक साथीने संपले होते. उरलेले चाळीस या पेट्यांत होते.

त्या मंगळवारी ती आली, तेव्हा सगळे बेडूक दाराकडे तोंड करून बसले होते आणि पुढचा पाय उचलून सावकाश हलवत होते. माणूस लांबून हात करतो, अगदी तसा.

"डॉन आब्दिएल, हे कुणाला हात करतायत?" तिने म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं.

"आपल्या जातीच्या बेडकाला. दुसऱ्या कुणाला नाही करत."

"पण बाहेर तर अकरा वर्षांत एकही दिसला नाही!"

म्हातारा ताडकन उठला. "मग आज दिसेल. चल पोरी, पळ!"

दोघांनी बेडूकघराजवळचा ओढा पालथा घातला. दगड उलटले, शेवाळ चाचपलं. काहीच हाती लागलं नाही, तेव्हा दोघं हिरमुसून परतली.

आत पाऊल टाकताच बेडूक एनेइदाकडे वळले. ती डावीकडे सरकली, तर तेही डावीकडे फिरले. ती पेट्यांमागे गेली, तर त्यांनीही मागे वळून तिच्याकडे तोंड केलं. आणि हात करतच राहिले.

"माझ्या अंगावर एखादा बसलाय का हो? बघा ना!"

आब्दिएलने तिची पाठ पाहिली, केस पाहिले. "नाही गं, काही नाही." मग तो दोन पावलं मागे सरला. "पोरी, पण तू का करतेयस तसं?"

"मी काय करतेय?"

त्याची नजर खिळली होती तिकडे तिने पाहिलं. तिचा उजवा हात खांद्यापर्यंत उचललेला होता आणि सावकाश हलत होता.