खोपोलीच्या मेमचा बाजा

लोबो मास्तरांनी पियानोची खालची फळी काढून भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "बाई, जरा कंदील धरता का? आत काही दिसत नाही."

जयवंता भर दुपारी कंदील पेटवून त्यांच्याजवळ बसली. कर्जत स्टेशनापलीकडे आगगाडीच्या फिंच ड्रायव्हरच्या बंगल्यात ती झाडलोट, धुणंभांडी करायची. पियानोतला एक हातोडा मोडला होता आणि मधला एक सूर मुका झाला होता. नवा हातोडा मागवायचा तर पियानो कुणी बनवला ते कळायला हवं, म्हणून फिंचच्या मेमनं मास्तरांना मुंबईहून बोलावलं होतं. पण बनवणाऱ्याचं नाव असतं त्या जागी नुसता खरवडलेला पट्टा होता.

"हा आला कुठून?" मास्तरांनी विचारलं.

"खोपोलीवरनं. लढाईत लिलाव झाला, तवा साहेबानं घेतला."

"त्याआधी कुणाचा होता?"

"मला नाय ठावं," म्हणत जयवंतानं कंदिलाची वात उगाच खालीवर केली.

मास्तरांनी आत डोकं घातलं. फडक्यानं धूळ पुसली. लोखंडी चौकटीखाली, लाकडावर डाग देऊन अक्षरं उमटवली होती. ती त्यांनी एकेक करून लावली.

"योहान श्ट्रुकमायर." ते मागे सरकून बसले. "जर्मन आहे हा."

"हळू, मास्तर!" जयवंतानं दाराकडं पाहिलं. "त्यो सबूद या घरात काढू नका."

फिंचच्या मेमचा एकुलता एक मुलगा, आर्थर, फ्रान्सात लढाईत मारला गेला होता. तार आली त्या आठवड्यात मेमनं त्याची लहानपणची चावीची आगगाडी उलटी करून पाहिली. खाली जर्मनीचा छाप निघाला. भिसेगावच्या बाजूच्या विहिरीत तिनं ती टाकली तेव्हा जयवंता मागं उभी होती. पोराचं सगळ्यात लाडकं खेळणं होतं ते. आता दर रविवारी संध्याकाळी मेम पियानोवर त्याच्या आवडीचं गाणं वाजवायची. तेवढा वेळ ती माणसात असायची.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मास्तर हलकेच म्हणाले. "नाव कुणी खरवडलं?"

जयवंतानं कंदील जमिनीवर ठेवला.

"खोपोलीच्या मेमनंच. मी तिच्याकडं कामाला व्हते. तिचा साहेब वीजघरात यंत्रं बसवाया आलेला. लढाई लागली तसा त्याला धरून नगरच्या कैद्यांच्या छावणीत नेला. बाई घाबरली. नाव नसलं तर बाजा तरी ऱ्हाईल, असं वाटलं तिला. भाजीची सुरी घेऊन बसली. येक अक्षर खरवडायची नि थांबायची. मी म्हनलं, द्या, मी खरवडते. तर म्हनली, नको, माझ्या बापाचं नाव हाय."

"बापाचं?"

"त्याचा कारखाना व्हता. लेकीच्या लग्नात सोताच्या हातानं करून दिलेला ह्यो बाजा. तरी सरकारनं नेलाच. तिलाबी बोटीत घालून तिच्या मुलखाला धाडली."

मास्तरांनी नाकावरचा चष्मा काढला. "लढाई संपलीय, आता तिकडं पत्र टाकलं तर हातोडा येईल. म्हातारा हयात असलाच, तर लेकीचा पियानो कुठं आहे ते त्याला कळेल तरी."

जयवंता बोलणार तोच फिंचची मेम आत आली. "सापडलं नाव?" तिनं इंग्रजीत विचारलं. एवढं इंग्रजी जयवंताला समजायचं.

मास्तरांनी मेमच्या तोंडाकडं पाहिलं, मग जयवंताकडं. जयवंतानं मान खाली घातली.

"नाही, मॅडम," ते म्हणाले. "लंडनचा असावा. हातोडा मीच घडवून देईन."

मेमचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. खरवडलेल्या पट्ट्यावरून तिनं बोटं फिरवली.

"मग इथं आर्थरचं नाव घालाल? सोनेरी अक्षरांत? त्याला कुठं पुरलं तेसुद्धा आम्हाला कुणी सांगितलं नाही. कुठंतरी नाव असावं त्याचं."

मास्तरांनी फडकं घडी करून पेटीत ठेवलं. मग "घालतो," म्हणाले, आणि खालची फळी उचलून त्यांनी ती जागेवर बसवली.

अक्षरं लिहून होईतो उन्हं उतरली. जयवंता मास्तरांची हत्यारांची पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनात गेली. गाडी यायला अवकाश होता.

"पत्र नाय ना टाकणार आता?" तिनं विचारलं.

"टाकून लिहू काय? तुमचं नाव होतं तिथं दुसऱ्याचं घातलं म्हणून?"

ती पदराशी चाळा करत उभी राहिली. "मास्तर, ते नाव पुना येकदा सांगा."

"कशाला?"

"कुनाला तरी ठावं असू द्या."

मास्तरांनी सांगितलं. तिनं म्हणून पाहिलं, चुकलं. त्यांनी पुन्हा सावकाश सांगितलं. मग जमलं.

दहिवलीच्या वाटेनं ती ते तोंडात घोळवत निघाली. नदीवर गावातली सुंदरा धुण्याचं बोचकं घेऊन भेटली.

"काय गं जयवंते, येकलीच काय पुटपुटतीस?"

"काय नाय गं."

सुंदराची सून माहेरी बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण बाळंतिणीच्या अंगात ताप हाय म्हणतात, असं ती सांगत होती. जयवंतानं विचारपूस केली, धीर दिला. दोघी पाण्यातून चालत पलीकडं आल्या. सुंदरा आपल्या आळीला वळली.

जयवंतानं पुन्हा तोंड उघडलं. 'योहान' एवढं आलं. पुढचं येईना. ती वाटेतच थांबली. ओठ हलवून पाहिले, डोळे मिटून पाहिले. मग नुसतं योहान, योहान म्हणत ती घराकडं चालू लागली.