उशीवरचा उजेड

सत्त्याण्णव साली वरकुट्यात सोमनाथनं घराला खेटून पोल्ट्री टाकली. कोंबड्यांनी रात्रभर खाऊन लवकर वजन धरावं म्हणून शेडमधले बल्ब पहाटेपर्यंत जळत. उजेड थेट त्याच्या बायकोच्या, मेघनाच्या उशीवर पडे.

"अहो, बंद करा की. महिना झाला, डोळ्याला डोळा लागला न्हाय."

"अंधारात कोंबडी खात न्हाय. वजन काय तुझा बाप वाढवनार व्हय?"

एवढं बोलून सोमनाथ भिंतीकडं तोंड करून छान झोपे.

एका रात्री वीज गेली. कोंबड्या खाणं सोडून गप्प झाल्या आणि मेघना पहिल्यांदाच गाढ झोपली. कंदील शोधायला उठलेल्या सोमनाथला दिसलं, उशी तशीच पिवळी उजळलेली आहे.

त्यानं वाकून पाहिलं. उजेड तिच्या मिटल्या पापण्यांतून येत होता.

शेडमधल्या शांततेचा त्यानं जरा अंदाज घेतला. मग तिला हलवलं.

"ऊठ. शेडमदी चल."