आईला कळू देऊ नको

आजारी खलाशांना बोटीवरून हॉस्पिटलला नेणं, हे यूएईतल्या फुजैरा बंदरावरच्या शिपिंग एजन्सीतलं माझं काम. ऑपरेशनसाठी आत जाताना स्तावरोस नावाच्या ग्रीक फिटरनं स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला. "नागेश, माझ्या आईला कळू देऊ नको. तिचा मेसेज आला की काहीतरी लिही."

तिला ग्रीकशिवाय काही येत नाही आणि मला ग्रीकचा गंध नाही, त्यामुळे मध्ये भाषांतराचं ॲप. ॲपनं तिच्या पहिल्या मेसेजचं इंग्लिश करून दाखवलं, "माय इंटेस्टाइन्स, हॅव यू ईटन?" ऑफिसातला रोशन पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. माझी आईसुद्धा फोन ठेवताना "आतडं तुटतं रे" म्हणते. मी इंग्लिशमध्ये लिहिलं, "हो आई, जेवलो. तू जेवलीस का?" ॲपनं त्याचं ग्रीक केलं, मी पाठवून दिलं.

पाच दिवस रोज हेच चाललं. स्तावरोस शुद्धीवर आलाच नाही. आज सकाळी डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गेल्याचं सांगितलं. फोन घेऊन मी कॉरिडॉरमध्ये बसलो. "आई" एवढंच टाइप झालं, पुढचं कुठल्याच भाषेत सुचेना. तेवढ्यात तिचाच मेसेज आला.



"पाच दिवस विचारायचा धीर झाला नाही. बाळा, तू कोण आहेस? माझा स्तावरोस मला कधीच विचारत नाही, तू जेवलीस का म्हणून."