वरच्या थरातला पेरू

बनुबाई ताटली घेऊन पळत होती आणि तिची नात धनू तिच्या पुढे पळत होती. शेडभोवती फेऱ्या मारून आजीचा दम संपला, नातीचा काही संपेना.

"एकच फोड खा. बघ, मीठ लावलंय."

"न्हाई."

"साखर लावू?"

"न्हाई."

धनूला चार वर्षं पुरी व्हायची होती. आई स्नेहल सकाळच्या गाडीने शिर्डीला कामावर गेली, की पोर दिवसभर आजीकडे. डाळभात आणि बिस्किटं, एवढ्यावर तिची गाडी चालली होती. मेथी दिसली की ओठ मिटायचे, फळ दिसलं की पाय सुटायचे. तोंडाच्या कडा फाटलेल्या, सर्दी हटत नव्हती. आणि हे सगळं पुणतांब्यात, घरच्या पेरूच्या बागेत! काल अंगणवाडीच्या पंकजाताईंनी वजन केलं आणि वजनकाटा आवरता आवरता म्हणाल्या, "मागं लागू नका, आजी. तिच्याबरोबर बसून तुम्हीपण खा. आणि का नको म्हणते, ते एकदा विचारून तरी बघा." बनुबाईने ते हसण्यावारी नेलं होतं. पोराला काय विचारायचं? पोराला भरवायचं असतं. पण धनूचं मनगट हातात आलं की ते काडीसारखं लागायचं.

शेडमध्ये तिचा नवरा गोरक्ष बाजारचा माल लावत होता. एकेका पेरूला फोमची जाळी चढवायची आणि कॅरेटात नीट बसवायचा. वरच्या थराची तर तो अशी सजावट करी, जणू मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत. टेम्पो यायची वेळ झाली होती, त्यामुळे पारा चढलेला.

"पेरूवाल्याची नात पेरू खात न्हाई," तो मान वर न करता म्हणाला. "गावात सांगू नको, लोक हसतील."

"तुमाला हसू येतंय. तिचं मनगट बगा जरा."

त्याने पुढच्या पेरूला जाळी चढवली.

बनुबाई मटकन खाली बसली. दमल्यामुळे असेल, नाहीतर दुसरा काही उपायच उरला नव्हता म्हणून असेल, तिने विचारलं, "का गं बाई? का न्हाई खात?"

धनू थांबली. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने लांबूनच ताटलीत डोकावून बघितलं.

"त्यो पोपटाचा हाय."

"अगं, टोचल्यालं कापून टाकलंय मी. चांगला हाय आता."

"चांगला तितं हाय." धनूने कॅरेटांकडे बोट दाखवलं, तेही बेताबेताने. "त्यो लोकांचा. खराब झाला की आपला."

गोरक्षचा हात जाळीतच राहिला.

खोटं काय होतं त्यात? पोर रांगायला लागली तेव्हापासून कॅरेटाजवळ गेली की तो खेकसायचा, 'हात लावू नको, माल हाय!' एकदा तर चापटही मारली होती. घरात जायचा तो टोचलेला, डागाळलेला, आपटून मऊ पडलेला. बनुबाई त्यातलं वाईट कापून टाकायची आणि उरलेलं नातीच्या ताटलीत यायचं. त्याच्या आईनेही जन्मभर तसंच खाल्लं होतं, आणि घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज मात्र गोरक्षला लाज वाटली, पार कानापर्यंत.

तो उठला. भरलेलं एक कॅरेट उचलून त्याने धनूच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"घे. कुटला पायजे?"

धनूने दोन्ही हात पाठीमागे नेले. ती फसायला तयार नव्हती.

मग गोरक्षने तिथेच फतकल मारली, वरच्या थरातला एक पेरू काढला आणि कचकन चावा घेतला. दुसरा बायकोच्या हातात ठेवला.

"अवं, थर मोडला की सगळा!"

"मोडू दे. खा तू."

बनुबाईने एक घास घेतला आणि ती चावायची थांबली.

"लई ग्वाड हाय वं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ही बाग लावल्यापासून तिने असा पेरू अख्खा कधी खाल्लाच नव्हता.

दोघं खात बसली. बनुबाईला सारखं धनूकडे बघायचं होतं, पण गोरक्षने तिला कोपराने ढोसलं.

थोड्या वेळाने पाठीमागचा एक हात पुढे आला. कॅरेटातल्या एका पेरूला लागला आणि झटकन मागे गेला. धनूने आजोबांकडे पाहिलं. कुणी ओरडलं नाही. मग तिने तो पेरू दोन्ही हातांनी उचलला, जाळी काढली, हुंगला आणि पुढच्या दातांनी कडेला कुरतडला. तोंड वेडंवाकडं झालं. धनूने सालीचा तुकडा थुंकला, बाकीचं चावलं, गिळलं, जरा विचार केला, आणि दुसरा घास मोठा घेतला.

तेवढ्यात तौसीफचा टेम्पो आला. तो कॅरेटं भराभरा गाडीत चढवत शेवटच्या कॅरेटाशी आला आणि थबकला.

"मामा, ह्याचा वरचा थर कुठंय? भरा लवकर, उशीर होतोय."

"ते ऱ्हाऊ दे. ते हितंच उतरायचं हाय."

"हितं? हितं कोण गिऱ्हाईक?"

गोरक्षने नुसती हनुवटीने खूण केली. हनुवटीला बिया चिकटलेली धनू कॅरेटाला टेकून बसली होती, आणि तिला बोलायला सवड नव्हती.