हुबेहूब

परातीएवढ्या बशीत मधोमध लिंबाएवढं भरीत ठेवलेलं होतं. हेमलताबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाकून पाहिलं.

"आई, हे वांगं नाहीये," समोर बसलेला जयदीप घाईनं म्हणाला. "बिल्कुल नाही. तू खाऊ शकतेस."

"मग आहे तरी काय?"

"चव वांग्याची आहे. बाकी वांगं नाही."

याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं हेमलताबाईंनी मुलाकडे पाहिलं.

दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी दर हिवाळ्यात भरीत त्याच करत आणि एक घासही तोंडात घालत नसत. मीठ कुणी दुसऱ्यानं बघायचं. हल्ली ती नोकरी दहा वर्षांच्या नातीकडे, अबोलीकडे होती. जयदीप चार वर्षांचा असताना नऊ दिवस त्याचा ताप उतरेना, तेव्हा त्या देवापुढे बोलून गेल्या होत्या, पोर बरं होऊ दे, मी वांगं सोडलं. पोर बरं झालं. आता अडतीस वर्षांचं, थोडं पोट सुटलेलं ते पोर आईच्या सत्तरीला तिला गुडगावच्या या बड्या हॉटेलात घेऊन आलं होतं. एका जेवणात नऊ पदार्थ आणि प्रत्येक पदार्थ घासभर. पण त्याचा सगळा जीव या चौथ्या बशीत होता. आईला तिचं वांगं परत द्यायचंच, असा हट्ट तो महिनाभर धरून बसला होता.

टेबल राखून ठेवताना हॉटेलच्या फॉर्मवर 'अ‍ॅलर्जी' असा रकाना होता. जयदीपनं तिथे वांगं लिहिलं. दुसऱ्या दिवशी खुद्द शेफचा फोन आला, खाल्लं तर त्यांना नेमकं होतं काय? जयदीपनं खरं ते सांगून टाकलं. शेफनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तीन हफ़्ते दीजिए."

तो शेफ आता टेबलाशी येऊन उभा होता. पानिपतचा, तिशीतला. पांढऱ्या कोटाच्या बाहीवर राखेचा डाग.

"लौकी है, माताजी. कोयले पर भुनी हुई. थोड़ा मशरूम. और बीज की जगह रामदाना."

"दुधी, आणि बियांच्या जागी राजगिरा," जयदीपनं आईला सांगितलं.

"बियासुद्धा केल्यात?" हेमलताबाईंना आता राहवेना. त्यांनी चमच्यानं भरीत जरासं उकललं. आत बारीक, फिकट बिया होत्या. वर कांद्याची पात होती. वासही तोच, सालीच्या धुराचा.

"मेरी दादी ने भी गंगाजी जाकर कद्दू छोड़ा था," शेफ म्हणाला.

"अच्छा?"

"पर उन्हें कद्दू पसंद ही नहीं था."

आजीशेजारी बसलेली अबोली खुदकन हसली. हेमलताबाईही हसल्या.

"मुझे बैंगन बहुत पसंद था, बेटा," त्या म्हणाल्या.

शेफ हसायचा थांबला. स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच होती. तिच्या पलीकडे दोन पांढऱ्या टोप्या केव्हाच्या येऊन उभ्या होत्या.

हेमलताबाईंनी चमचा बाजूला ठेवला. बोटांनी छोटासा घास घेतला आणि तोंडात टाकला. डोळे मिटले. जयदीप टेबलक्लॉथचं टोक मुठीत धरून बसला होता. दहावीच्या निकालालाही तो इतका घाबरला नव्हता.

"मीठ कसंय, आजी?" अबोलीनं विचारलं. आजवर हा प्रश्न तिला विचारला जायचा.

"अगदी बरोबर." हेमलताबाईंनी डोळे उघडले. चेहरा असा उजळला होता, की जयदीपला सगळं मिळालं. "तेच आहे रे! बिया दाताखाली येतात, त्यासुद्धा तशाच. अगदी हुबेहूब."

दारामागच्या टोप्या एकमेकींकडे वळल्या. शेफनं हात जोडले.

हेमलताबाईंनी दुसरा घास घेतला. तो तोंडापर्यंत नेला. तिथेच थांबल्या. मग घास परत बशीत ठेवला आणि नॅपकिननं एकेक बोट पुसलं.

"काय झालं?" जयदीपनं विचारलं.

"नको आता."

"आवडलं ना पण?"

"म्हणूनच नको."

"माताजी, इसमें बैंगन है ही नहीं," शेफ कळवळून म्हणाला. "क़सम से, लौकी है."

"आपको मालूम है, मुझे भी मालूम है." त्यांनी बोट वर छताकडे केलं. तिकडे झुंबर होतं. "उनको क्या पता लौकी है? उन्होंने तो मेरा चेहरा देखा होगा."

शेफनंही वर झुंबराकडे पाहिलं.

"आई, यार, मी अडतीस वर्षांचा आहे," जयदीप म्हणाला. "ठणठणीत आहे मी."

"म्हणूनच ना."

हातमोजे घातलेला वेटर पाचवा पदार्थ घेऊन आला आणि बशा हातात धरून थांबला. कारण हेमलताबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या होत्या. टेबलावरून वाकून, पाण्याच्या पेल्यांना धक्का न लावता, त्यांनी हात लांब केला आणि त्याची पालथी बाजू मुलाच्या कपाळाला लावली.

कपाळ गार होतं. तरी त्यांनी हात लगेच काढला नाही.