भैरवीनंतर

भैरवी संपली आणि नीलाताईंच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

बिवलकर दचकले. त्यांचं नवं यंत्र जुन्या ध्वनिमुद्रणातून गाणारं माणूसच पुन्हा घडवायचं. म्हणून यंत्रापुढे दाद द्यायची नाही, असा नियम होता. ही भैरवी गाणाऱ्या इंदूबाई नेरूरकरांना जाऊन तर तीस वर्षं झाली होती.

मूळ कॅसेटवर इथे टाळ्या होत्या. त्या वाजल्याच नाहीत.

"कोण आहे?" इंदूबाईंनी विचारलं.

बिवलकरांचा हात बटणाकडे गेला.

"बंद नका करू हो. बंद केलंत की फार अंधार होतो."

नीलाताईंनी तो हात धरला. "बिवलकर, यंत्रातली ही मैफल आणखी कुणाला दिलीत?"

"सकाळीच आपल्या ग्रुपवर टाकली," ते पुटपुटले. "चारशे जणांनी ऐकली असेल. ऐकून बंद केली असेल."