नावाखालची ओळ

"नाव कोरून झालं, काकू. खालची ओळ तेवढी राहिलीय," पाथरवटाने कानावरची पेन्सिल काढली. "पलटण कुठली लिहू?"

काकू कप विसळायला उठल्या. त्यांचे यजमान, कॅप्टन, जाऊन आठ दिवस झाले होते आणि आठ दिवस त्या कपच विसळत होत्या. माणसं यायची, रडायची, आठवणी सांगायची, आणि समजूत काकूंनीच घालायची. डोळ्यांत पाणी आणायलाही अंगात त्राण लागतं, ते काही उरलं नव्हतं.

कॅप्टन हे गल्लीने लाडाने दिलेलं नाव. माणूस सायकली दुरुस्त करायचा. पोरांच्या चाकात हवा भरायचा आणि वर स्वतःच त्यांना "आभारी आहे" म्हणायचा. कुणाचं म्हातारं माणूस दवाखान्यात पडलं, की घरचे पोचायच्या आधी हा उशाशी. बेचाळीस वर्षांपूर्वी नदीपलीकडच्यांशी लढाई झाली, तिच्यातून परतलेला शिपाई म्हणून सगळे त्याला मान द्यायचे. त्याने मात्र लढाईचा एक शब्द कधी काढला नाही. शहिदांची नावं वाचली जात तेव्हा तो सगळ्यांत मागे उभा राहायचा आणि सगळ्यांत जास्त रडायचा.

शाळेच्या भिंतीवर लढून आलेल्यांची नावं कोरलेली होती. प्रत्येक नावाखाली त्याची पलटण. पलटण नाही, तर नाव नाही. आज पाच वाजता शोकसभा, आणि तिथेच कॅप्टनच्या नावावरचा पडदा निघायचा होता.

"चारपर्यंत सांगा, काकू. घाईत छिन्नी घसरते," पाथरवट म्हणाला.

तेवढ्यात काठी टेकत हवालदार आले. गावातले शेवटचे लढवय्ये तेच. लढाईत डोक्यात गेलेला लोखंडाचा तुकडा अजून आतच होता, त्यामुळे माणसांची जरा सरमिसळ व्हायची.

"काय शिंपीबुवा, कोट झाला का शिवून?"

"मी पाथरवट, हवालदारसाहेब."

"तेच ते. माप चुकलं की दोघांचाही माल वाया." हवालदार खुर्चीत बसले. "जा तुम्ही. ओळ मी घेऊन येतो."

पाथरवट कागद ठेवून गेला. काकूंनी चहा पुढे केला. हवालदारांनी साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. काकूंना त्यांची दया आली, आणि स्वतःची लाजही वाटली. देव बघतोय, तो भिंतीवर कोरलेलं तेवढंच वाचतो असं थोडंच आहे? इतकी वर्षं ज्या गोष्टीने घास गोड लागू दिला नाही, ती आता दगडावर चढणार होती. सांगितलं तर कॅप्टनचं नाव पुसलं जाणार. नाही सांगितलं, तर उरलेलं आयुष्य त्या भिंतीसमोरून खाली मान घालून जायचं.

"भाऊजी, रागवा हवं तर. पण त्या नावाखाली पलटण कोरायला लावू नका."

"का?"

"हे तुमच्या पलटणीत नव्हते. कुठल्याच नव्हते. बेकरीत पीठ मळायचे. लष्करी दवाखान्यात पाव पोचवायला गेले होते, तेव्हा तुम्ही डोक्याला पट्टी बांधून पडला होता. तुम्ही ह्यांचा हात धरलात नि सगळ्यांना सांगितलंत, 'हा माझा माणूस.' जखमी माणसाला खोटं कसं पाडायचं, म्हणून हे गप्प बसले. मग गप्पच राहिले."

काकूंना एकेक प्रसंग आठवत गेला. बाहेरगावचा कुणी जुना सैनिक यायचा, कॅप्टनना विचारायचा, "कुठल्या तुकडीत होता?" आणि हे तोंड उघडायच्या आत हवालदार मध्ये पडून उत्तर द्यायचे. संचलनाला मोठे अधिकारी आले की त्यांच्या आणि कॅप्टनच्या मधली खुर्ची हवालदारच अडवायचे. भोळा जीव! किती मायेने फसत गेला.

"बेकरी," हवालदार शेवटी म्हणाले. "तुम्हाला असं सांगितलं होय त्याने?"

"लग्नानंतर महिन्याभराने सांगितलं. मला शपथ घातली, कुणाला बोलू नकोस म्हणून. ती आज मोडली."

हवालदारांनी कागद ओढला. एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी स्वतःच्याच पलटणीचं नाव लिहिलं आणि कागदाची घडी घातली.

"भाऊजी!" काकू कळवळून म्हणाल्या. "तुमची चूक झाली होती हो! तुमच्या डोक्याला मार लागला होता."

"डोक्याला लागला होता वहिनी, डोळ्यांना नाही," हवालदार काठीवर भार देत उठले. "मला पाठीवर टाकून तो नदी पोहून आला, तेव्हा त्याच्या अंगावर पलीकडच्या फौजेची वर्दी होती. मीच ती उतरवायला लावली आणि पाण्यात सोडून दिली."